फिलाडेल्फियाचं मूर स्कूल: एनियाक, आठ आठवड्यांचा वर्ग आणि पांगलेली माणसं

ओमचा_नियम

एनियाकचं नाव आपण बहुतेकांनी शाळेत वाचलेलं असतं. पहिला मोठा इलेक्ट्रॉनिक संगणक, ३० टन वजन, खोलीभर पसारा, परीक्षेत एक गुण, आणि लगेच पुढचा धडा. हा पसारा ज्या विभागात उभा राहिला त्या विभागाबद्दल मात्र मराठीत फारसं लिहिलेलं माझ्या वाचनात आलं नाही. मी आयुष्यभर तंत्रनिकेतनात इलेक्ट्रॉनिक्स शिकवलं. शिकवणाऱ्या माणसाच्या नजरेने ही कथा पाहिली की त्यात यंत्राइतकाच तो विभाग दिसू लागतो. म्हणून हा धागा.

पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाचं मूर स्कूल ऑफ इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंग १९२३ मध्ये सुरू झालं. आल्फ्रेड फिटलर मूर यांनी मृत्युपत्रात ठेवलेल्या पैशातून ते उभं राहिलं. मोटर, जनरेटर, वीजवहन, त्या काळी कुठल्याही विद्युत विभागात असायचं तेच तिथे होतं. वेगळी गोष्ट एकच. १९३० च्या दशकाच्या मध्यात त्यांनी एक डिफरन्शियल अ‍ॅनलायझर बांधला. दांडे, दातेरी चाकं आणि फिरत्या तबकड्या यांनी समीकरणं सोडवणारं हे यांत्रिक धूड होतं. तसंच एक अ‍ॅबरडीनच्या लष्करी तोफशाळेकडेही होतं. त्यामुळे लष्कराची आणि या विभागाची ओळख दुसऱ्या महायुद्धाच्या आधीपासूनची.

लढाई सुरू झाली तशी तोफांच्या तक्त्यांची मागणी वाढली. नवी तोफ नुसती रणांगणावर नेऊन भागत नाही. नळी किती अंशांत उचलायची, वारा कसा, हवा किती विरळ, हे सगळं धरून गोळा कुठे पडेल याचा तक्ता तोपचीच्या हातात हवा. एका तक्त्यासाठी गोळ्याचे हजारो मार्ग काढावे लागत. ६० सेकंद उडणाऱ्या गोळ्याचा एक मार्ग टेबलावरच्या हिशेबयंत्राने काढायला कसलेल्या माणसाला सुमारे २० तास लागायचे. डिफरन्शियल अ‍ॅनलायझर तेच काम १५ मिनिटांत करी. तरीही तक्ते मागे पडत होते आणि तोफा पुढे जात होत्या. हे हिशेब करायला मूर स्कूलमध्ये गणित शिकलेल्या मुलींची फौज बसवली होती. त्यांच्या हुद्द्याचं नावच होतं 'कॉम्प्युटर'.

आता माणसं बघा. १९४१ च्या उन्हाळ्यात मूर स्कूलने लष्करी गरजेपोटी इलेक्ट्रॉनिक्सचा एक जलद वर्ग काढला. एका छोट्या कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवणारे जॉन मॉक्ली त्या वर्गाला विद्यार्थी म्हणून आले. वय ३३. प्रयोगशाळेत त्यांना शिकवायला होता प्रेस्पर एकर्ट नावाचा २२ वर्षांचा पोरगा. मॉक्लींच्या डोक्यात हवामानाचे आकडे आणि ते मोजायला लागणारं वेगवान यंत्र घोळत होतं. एकर्टच्या बोटांत सर्किट होतं. या दोघांची गाठ एका उन्हाळी वर्गात पडली, हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

मॉक्ली पुढे तिथेच शिकवायला राहिले. ऑगस्ट १९४२ मध्ये त्यांनी व्हॉल्व्ह, म्हणजे काचेच्या निर्वात नळ्या, वापरून गणित करणाऱ्या यंत्राचं एक टिपण विभागात दिलं. कोणी लक्ष दिलं नाही आणि टिपण गहाळ झालं. पुढच्या वसंतात लष्कराच्या वतीने तिथलं काम बघणारे हर्मन गोल्डस्टाइन, हे स्वतः गणिताचे डॉक्टरेट, त्यांच्या कानावर ही गोष्ट गेली. तेव्हा सेक्रेटरीच्या लघुलिपीच्या वहीवरून ते टिपण पुन्हा टंकलिखित करावं लागलं. ९ एप्रिल १९४३ ला अ‍ॅबरडीनला प्रस्ताव मांडला. त्या दिवशी एकर्टला २४ वर्षं पूर्ण झाली. जूनमध्ये करार झाला आणि त्या २४ वर्षांच्या मुलाला मुख्य अभियंता नेमलं गेलं. विभागातर्फे जबाबदारी जॉन ब्रेनर्ड यांनी घेतली. विभागातले मान्यवर साशंक होते. एवढे व्हॉल्व्ह एकत्र कधी चाललेच नव्हते.

१९४५ संपताना यंत्र चालू झालं. तोपर्यंत लढाई संपली होती. त्यामुळे पहिलं मोठं काम तोफांचं नव्हतंच. लॉस अलामोसच्या अण्वस्त्र प्रयोगशाळेकडून हायड्रोजन बॉम्बचं गणित आलं. १५ फेब्रुवारी १९४६ ला समारंभ झाला. पाहुण्यांसमोर गोळ्याचा मार्ग काढून दाखवला, गोळा प्रत्यक्ष उडायला जेवढा वेळ लागेल त्याहून कमी वेळात.

इथवरचं बऱ्याच ठिकाणी सापडतं. मला बोलायचंय ते पुढच्या सहा महिन्यांबद्दल. मार्च १९४६ मध्ये याच विभागाने पेटंटच्या कागदावर सही मागून एकर्ट आणि मॉक्लींना घालवलं. आणि जुलैमध्ये याच विभागाने जगातला पहिला संगणक-रचनेचा वर्ग उघडला आणि आपल्याला जे जे कळलं होतं ते सगळं बाहेरच्यांना शिकवून टाकलं. ८ जुलै ते ३१ ऑगस्ट, आठ आठवडे, ४८ व्याख्यानं, वीसेक संस्थांतून आलेले २८ निवडक विद्यार्थी. एकर्ट आणि मॉक्ली नोकरी सोडून गेलेले असतानाही शिकवायला आले, हे विशेष.

माझं मत विचाराल तर या विभागाचं सगळ्यात मोठं काम एनियाक बांधणं हे नाही, हा वर्ग चालवणं हे आहे. केंब्रिजचे मॉरिस विल्क्स यांना लढाईनंतरच्या गर्दीत बोटीचं तिकीटच वेळेवर मिळालं नाही. ते पोचले तेव्हा ऑगस्ट अर्धा सरला होता. जेवढे दोन आठवडे मिळाले तेवढ्यावर, परतीच्या बोटीवर त्यांनी आपल्या यंत्राची आखणी सुरू केली. ६ मे १९४९ ला त्यांच्या एड्सॅक यंत्राने केंब्रिजला ० ते ९९ या संख्यांचे वर्ग छापून दिले. मँचेस्टरहून डेव्हिड रीस आले होते. मूर स्कूलचं स्वतःचं पुढचं यंत्र एडव्हॅक मात्र नीट चालायला १९५१ उजाडलं. शिकून गेलेले पुढे, शिकवणारे मागे. मला याचं वाईट वाटतं आणि अभिमानही वाटतो.

जाणकारांनी भर घालावी.

केतकी_सांगली

वा, सुंदर. एक शंका. आमच्या आजोबांकडे व्हॉल्व्हचा रेडिओ होता, पाच व्हॉल्व्हचा. त्यातला एक तरी वर्षातून एकदा जायचाच. इथे हजारो होते म्हणता, मग हे यंत्र चालायचं कसं?

ओमचा_नियम

केतकीताई, हाच प्रश्न १९४३ मध्ये सगळे विचारत होते. एनियाकमध्ये १७,४६८ व्हॉल्व्ह, सुमारे ७०,००० रेझिस्टर, १०,००० कपॅसिटर आणि हाताने मारलेले पन्नासेक लाख डाख होते. एक गेला की उत्तर चुकलं.

उत्तर एकर्टच्या शिस्तीत आहे. व्हॉल्व्हवर कंपनीने जेवढा विजेचा दाब आणि जेवढी शक्ती लिहिलेली असते त्याच्या बरंच खाली त्याने प्रत्येक व्हॉल्व्ह चालवला. तुम्ही रेडिओचं म्हणालात म्हणून सांगतो. माझ्या वडिलांचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. रेडिओ चालता चालता क्वचितच मरतो, मरतो तो बटण दाबल्यावर. थंड फिलामेंटला एकदम करंट मिळतो, आतली तार लाल होता होता तुटते, आणि काचेच्या आत एक बारीक काळा डाग राहतो. वडील गिऱ्हाइकाला तो डाग उजेडाकडे धरून दाखवायचे. एनियाकच्या माणसांनाही हेच कळलं. तापताना आणि निवताना व्हॉल्व्ह जातात. म्हणून ते यंत्र शक्यतो बंदच करत नसत.

तारांच्या वेष्टनासाठी एकर्टने काय केलं माहितेय? उपाशी ठेवलेल्या उंदरांपुढे वेगवेगळ्या तारा टाकल्या, आणि उंदरांनी ज्याला तोंड लावलं नाही ते वेष्टन निवडलं. हसण्यासारखी गोष्ट वाटते, पण जो माणूस तीस टनांच्या यंत्राची रचना करताना उंदराचाही विचार करतो त्याचंच यंत्र चालतं. पुढे चांगल्या प्रतीचे व्हॉल्व्ह मिळाले तेव्हा सरासरी दोन दिवसांत एक जायचा. हे प्रमाण मला आजही थक्क करतं.

मोठी सैद्धांतिक कल्पना नंतर आली. आधी हे सिद्ध व्हायला हवं होतं की हजारो व्हॉल्व्ह एकत्र, दिवसेंदिवस, बरोबर उत्तर देत राहू शकतात. ते सिद्ध केलं विद्युत अभियांत्रिकीच्या प्रयोगशाळेने.

गुंड्याभाऊ_नगर

वाचतोय. पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत.

दुसरं_वर्ष_ईएनटीसी

सर, आम्हाला डिजिटलला रिंग काउंटर आहे पण 'याचा उपयोग काय' हे कोणी सांगत नाही. एनियाकमध्ये तोच होता असं वाचलं. बेरीज नक्की कशी व्हायची? बायनरी होतं का?

ओमचा_नियम

बाळा, छान विचारलंस. एनियाक बायनरी नव्हता, दशमान होता. आणि होय, तुझा रिंग काउंटरच.

जुन्या रिक्षाचं मीटर आठव, आकड्यांची चक्रं असलेलं. एककाचं चक्र ९ वरून ० वर आलं की दशकाचं चक्र एक घर पुढे सरकतं. एनियाकमध्ये त्या चक्राच्या जागी दहा फ्लिप-फ्लॉपची, म्हणजे 'चालू' किंवा 'बंद' राहणाऱ्या सर्किटांची, रिंग होती. दहातला एकच 'चालू'. चौथा चालू असेल तर आकडा ४. आता त्यात ७ मिळवायचे असतील तर तारेवरून सात पल्स, म्हणजे विजेचे ठोके, पाठवायचे. प्रत्येक पल्सला 'चालू'पणा एक घर सरकतो: ५, ६, ७, ८, ९, ०, १. मधे ० ओलांडताना हातच्याची नोंद होते आणि ती शेजारच्या डाव्या रिंगला एक पल्स म्हणून जाते. उत्तर ११. तू कागदावर हातचा एक देतोस तेच, फक्त लाखाच्या वेगाने. सेकंदाला १,००,००० पल्स, एका बेरजेला वीस पल्सांचा वेळ, म्हणून सेकंदाला ५,००० बेरजा.

अशा दहा रिंगांचा एक संचायक, म्हणजे अ‍ॅक्युम्युलेटर, आणि असे २० संचायक. यंत्राची चालती स्मरणशक्ती एवढीच: दहा आकडी वीस संख्या. आणि आज्ञा साठवायला जागाच नाही! आज्ञा म्हणजे कुठली केबल कुठे खोचायची आणि कुठला स्विच कुठे फिरवायचा. नवं गणित बसवायला कित्येक दिवस जायचे, आणि सोडवायला मिनिटं. ही तगमग त्यांना बांधताना रोज जाणवत होती, आणि त्यातूनच एडव्हॅकची कल्पना आली, की आज्ञाही आकड्यांसारख्याच आत साठवायच्या.

तुझ्या प्रयोगशाळेत ७४९० ही ० ते ९ मोजणारी चिप असेल तर एलईडी लावून चार पल्स दे, मग सात दे, आणि बघ. एकदा डोळ्यांनी पाहिलंस की विसरणार नाहीस.

मुक्ता_वहीतली

त्या केबल खोचणाऱ्या बायकांबद्दल लिहायला हवं. कॅथलीन मॅकनल्टी, जीन जेनिंग्ज, बेटी स्नायडर, मार्लिन वेस्कॉफ, फ्रान्सिस बायलस, रूथ लिश्टरमन. मूर स्कूलमधल्या त्याच 'कॉम्प्युटर' मुलींमधून १९४५ मध्ये या सहाजणी एनियाकसाठी निवडल्या गेल्या. सुरुवातीला त्यांना यंत्राच्या खोलीत जायचीही परवानगी नव्हती, लष्करी गुपित म्हणून. हातात फक्त सर्किटांचे आराखडे दिले आणि सांगितलं, यावरून शिका. त्या शिकल्या. सूचनापुस्तिका नव्हती, भाषा नव्हती, विचारायला कोणी आधी केलेलं नव्हतं.

मला कॅथलीनची गोष्ट विशेष भिडते. आयर्लंडमधल्या डोनेगलच्या खेड्यातली ही मुलगी लहानपणी अमेरिकेत आली तेव्हा तिला इंग्रजी येत नव्हतं, फक्त आयरिश. घरी ती भाषा, शाळेत ही, आणि मग पुढे यंत्राशी बोलायची तिसरी. मी स्वतः घरी कोकणी, शाळेत मराठी आणि कॉलेजात इंग्रजी अशी वाढले, म्हणून कदाचित जास्त जवळचं वाटतं.

१५ फेब्रुवारीच्या समारंभात जो गोळ्याचा मार्ग दाखवला त्याचा प्रोग्रॅम जीन आणि बेटीने बसवला होता. आदल्या रात्री उशिरापर्यंत एक चूक सापडत नव्हती: गोळा जमिनीवर पडल्यावरही यंत्र थांबत नव्हतं, तो जमिनीत शिरत होता. बेटी घरी गेली, झोपली, आणि सकाळी उठून येऊन तिने नेमका एक स्विच बदलला. कार्यक्रम झाला, टाळ्या झाल्या, मोठ्या लोकांना मेजवानी झाली. या मुलींना बोलावणं नव्हतं. फेब्रुवारीच्या थंडीत त्या घरी गेल्या. पुढे कित्येक दशकं छायाचित्रातल्या या बायका कोण, हेही कोणाला सांगता येत नव्हतं. १९८० च्या दशकात कॅथी क्लायमन नावाच्या विद्यार्थिनीने शोध घेतला तेव्हा नावं पुन्हा समोर आली.

माहिती सगळ्यांना माहीत असेल तरी या धाग्यात ती नावं असायलाच हवीत.

ओमचा_नियम

मुक्ताताई, मनापासून आभार. हे मीच मूळ लेखात लिहायला हवं होतं. आराखड्यावरून यंत्र समजून घेणं किती अवघड असतं हे सर्किट वाचायला शिकवणाऱ्याला नीट माहीत असतं. ताईंनी दिलेल्या नावांत अ‍ॅडेल गोल्डस्टाइन हे नाव जोडतो. एनियाकची तांत्रिक पुस्तिका त्यांनी लिहिली.

सदाशिव_गणिती

लेख चांगला आहे, पण 'पहिला' या शब्दावर हरकत. आयोवाचे अटानासॉफ आणि बेरी यांचं यंत्र आधीचं. मॉक्ली जून १९४१ मध्ये त्यांच्याकडे जाऊन ते बघून आले होते. जर्मनीत झुसेचं झी-३ मे १९४१ चं. इंग्लंडात टॉमी फ्लॉवर्सचा कोलोसस १९४४ च्या सुरुवातीला चालू होता. मग श्रेय मूर स्कूलला का?

ओमचा_नियम

सदाशिवराव, तुमचे मुद्दे बरोबर आहेत. झी-३ रिलेवर, म्हणजे विजेने उघडझाप होणाऱ्या यांत्रिक स्विचवर, चालायचं. अटानासॉफांचं यंत्र इलेक्ट्रॉनिक होतं, पण एकाच प्रकारची समीकरणं सोडवायला बांधलेलं. कोलोसस खराच इलेक्ट्रॉनिक आणि वेगवान, पण सांकेतिक संदेश फोडण्यापुरता, आणि १९७० च्या दशकापर्यंत त्याच्याबद्दल कोणी बोलूच शकत नव्हतं. फ्लॉवर्सांसारख्या माणसाला तीस वर्षं गप्प बसावं लागलं, हे वाचून जीव तुटतो.

तरीही माझा मुद्दा कायम आहे. 'पहिलं कोण' याने पुढची यंत्रं बांधली गेली नाहीत. कोणाकडून शिकता आलं, याने बांधली गेली. आयोवाचं यंत्र लढाई आली तसं मागे पडलं आणि पुढे मोडून टाकलं गेलं. कोलोसस कुलपात गेला. मूर स्कूलचं दार उघडं राहिलं. त्या उन्हाळी वर्गात सुरुवातीला एनियाक दाखवायचा बेतच नव्हता, तो लष्करी गुपितात मोडत होता. विद्यार्थ्यांनीच आग्रह धरला, मग परवानगी मिळवून दाखवला. विद्यार्थी मागतात आणि विभाग देतो, यापेक्षा चांगला विभाग कुठला?

पेटंटकर

मी याच क्षेत्रात काम करतो म्हणून थोडं लिहितो. १९४५ च्या मार्चमध्ये विद्यापीठाच्या अध्यक्षांनी एकर्ट-मॉक्लींना पेटंटचे हक्क ठेवायला मान्यता दिली होती. सरकारला आणि विद्यापीठाला विनामूल्य वापराची मुभा राहणार होती. वर्षभरात धोरण फिरलं. इर्व्हन ट्रॅव्हिस नौदलातून परतले, संशोधनाचा कारभार त्यांच्याकडे आला, आणि सगळ्यांनी हक्क विद्यापीठाच्या नावे करावेत अशी अट आली. दोघांनी सही केली नाही आणि ३१ मार्च १९४६ ला बाहेर पडले. विद्यापीठाने चूक केली असं मी सरसकट म्हणणार नाही. आज जवळजवळ प्रत्येक विद्यापीठाची अट हीच असते. चूक वेळेची होती. काम मध्यावर असताना, दिलेला शब्द असताना, अट बदलली.

दुसरी गाठ अधिक गुंतागुंतीची आहे. १९४४ च्या उन्हाळ्यात अ‍ॅबरडीनच्या रेल्वे फलाटावर गोल्डस्टाइनना गणितज्ञ जॉन फॉन नॉयमन दिसले आणि त्यांनी धाडस करून ओळख काढली. त्यातून फॉन नॉयमन एडव्हॅकच्या चर्चांना येऊ लागले. जून १९४५ मध्ये त्यांनी त्या चर्चांचा मसुदा लिहिला, अतिशय स्वच्छ, व्हॉल्व्हऐवजी तर्काच्या भाषेत. गोल्डस्टाइननी त्याच्या प्रती काढून वाटल्या. वर नाव एकट्या फॉन नॉयमन यांचं. एकर्टने जानेवारी १९४४ मध्येच चुंबकीय तबकडीवर आज्ञा साठवण्याचं टिपण केलं होतं, पण आज्ञा आत साठवण्याच्या या रचनेला जगात 'फॉन नॉयमन रचना' हेच नाव मिळालं.

आणि १९४७ च्या एप्रिलमध्ये लष्कराच्या वकिलांनी सांगितलं, मसुदा वाटला गेला म्हणजे तो प्रसिद्ध झाला, वर्ष उलटून गेलं, आता त्यातल्या कल्पनांवर पेटंट नाही. एनियाकचा अर्ज जून १९४७ चा, पेटंट मिळालं १९६४ ला, आणि १९ ऑक्टोबर १९७३ ला मिनिआपोलिसच्या न्यायालयात न्यायाधीश अर्ल लार्सन यांनी ते रद्द केलं. अटानासॉफांचा मुद्दा त्यात होताच, शिवाय अर्जाच्या वर्षभर आधीपासून यंत्र वापरात होतं हाही होता. परिणाम असा की संगणक ही मूळ कल्पना कोणाच्याच मालकीची राहिली नाही.

ओमचा_नियम

फार नेमकं लिहिलंत. फॉन नॉयमन यांच्या बुद्धीबद्दल मला नितांत आदर आहे. तो मसुदा इतका स्वच्छ होता म्हणूनच तो जगभर वाचला गेला. पण त्या चर्चांत बसलेल्या प्रत्येकाचं नाव वर असायला हवं होतं. विभागात वर्षानुवर्षं डाख मारणाऱ्या माणसाला नाव हीच कमाई असते.

कुलाब्याचा_वारा

मुंबईचा धागा जोडतो. कुलाब्याला टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आर. नरसिंहन यांच्या गटाने टिफ्रॅक हा संगणक बांधला, १९६० मध्ये तो चालू झाला. त्याची रचना फॉन नॉयमन यांच्या प्रिन्स्टनच्या यंत्राच्या वळणाची, म्हणजे त्याच मसुद्याच्या वंशातली. २,७०० व्हॉल्व्ह, आणि फेराइटच्या कड्यांची २,०४८ शब्दांची स्मृती. पंडित नेहरूंनी जानेवारी १९६२ मध्ये त्याला हे नाव दिलं. ज्यांनी तो बांधला त्यांनी त्याआधी कुठलाही संगणक बांधलेला नव्हता. लेख वाचून, सुटे भाग जमवून, एक छोटं प्रायोगिक यंत्र आधी करून बघून बांधला. फिलाडेल्फियाहून निघालेलं ज्ञान छापील कागदावरून कुलाब्याच्या खाऱ्या हवेत पोचलं होतं.

सायली_फिली

नमस्कार. मी पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातच एमएस केलं, त्यामुळे हा धागा वाचून राहवलं नाही. एनियाकच्या ४० पॅनलपैकी चार आजही मूर स्कूलच्या इमारतीत आहेत. माझा वर्ग त्याच इमारतीत असायचा. पहिल्या आठवड्यात नकाशा बघत चालले होते आणि अचानक समोर काचेपलीकडे ती काळी पॅनल. माणसापेक्षा उंच. संचायकावर निऑनच्या छोट्या दिव्यांची जाळी, दहा ओळी, ० ते ९. एका उभ्या रांगेत एकच दिवा लागला की तो आकडा, वर काकांनी रिंगचं लिहिलंय तेच. समारंभाच्या वेळी छायाचित्रात दिसावेत म्हणून या दिव्यांवर पिंगपाँगचे चेंडू अर्धे कापून बसवले होते, असं तिथल्या प्राध्यापकांनी सांगितलं.

१९९६ ला पन्नास वर्षं झाली तेव्हा तिथल्या विद्यार्थ्यांनी यान व्हान डर श्पीगल सरांबरोबर अख्खा एनियाक एका चिपवर बसवला. ७.४४ गुणिले ५.२९ मिलिमीटर. पॅनल आणि चिप दोन्ही पाहिल्यावर मी घरी फोन करून बाबांना सांगितलं, की करंगळीच्या नखात मावेल एवढा झाला.

दुसरं_वर्ष_ईएनटीसी

ताई, फोटो असतील तर नक्की टाका. सर, ७४९० वर करून बघितलं. चार अधिक सात, एक आला आणि हातच्याचा एलईडी लागला! ग्रुपमधल्या सगळ्यांना दाखवलं.

केतकी_सांगली

काका, हे सगळं तुम्हाला एवढं जवळचं का वाटतं? विषय आवडीचा आहे हे कळतंय, पण त्यापलीकडे काहीतरी आहे असं वाटतंय.

ओमचा_नियम

आहे. विचारलंत तर सांगतो.

मूर स्कूलमध्ये हॅरी हस्की नावाचे गणिताचे एक शिक्षक होते. वर्ग घेऊन उरलेल्या वेळात ते एनियाकवर काम करू लागले, भोकं पाडलेली कार्डं आत घेणं-बाहेर काढणं आणि पुस्तिका हे त्यांचं काम. लढाईनंतर ते इंग्लंडला गेले, ट्युरिंग यांच्या एस यंत्रावर काम केलं, अमेरिकेत परतून स्वॅक नावाचा संगणक बांधला, बेंडिक्सचं जी-१५ हे यंत्र केलं. आणि १९६३ मध्ये ते आपल्याकडे आले, आयआयटी कानपूरला. नऊ अमेरिकी विद्यापीठांनी मिळून कानपूरला मदत करायची योजना होती, त्यातून ऑगस्ट १९६३ मध्ये आयबीएम १६२० हा संगणक आला, आणि तो उभा करून त्यावर शिकवायला सुरुवात करणाऱ्यांत हस्की होते. प्रा. राजारामनही त्याच सुमाराला तिथे आले. त्या लोकांनी फक्त आपल्या विद्यार्थ्यांना शिकवलं नाही. बाहेरच्या कॉलेजांतल्या, प्रयोगशाळांतल्या लोकांसाठी दहा-दहा दिवसांचे वर्ग घेतले. देशभरातून माणसं यायची, फोर्ट्रान ही प्रोग्रॅम लिहायची भाषा शिकून परत जायची.

आमचे एक सर असेच दहा दिवस कानपूरला जाऊन आले होते. पश्चिम महाराष्ट्रातलं आमचं कॉलेज, तिथे संगणक नव्हता आणि पुढे कित्येक वर्षं येणारही नव्हता. मी १९७२ मध्ये त्यांच्या वर्गात होतो. सर फळ्यावर ८० रकान्यांची रांग आखायचे: पहिले पाच विधान क्रमांकाला, सहावा पुढची ओळ चालू ठेवायला, सातपासून बहात्तरपर्यंत मजकूर. आम्ही त्या रकान्यांत पेन्सिलीने प्रोग्रॅम लिहायचो, एका चौकोनात एक अक्षर. सर ते तपासायचे, म्हणजे स्वतः संगणक व्हायचे. बोट ओळीवरून फिरवत, चलांच्या किमती समासात लिहीत, खोडत, पुन्हा लिहीत. महिन्यातून एकदा ते आमचे कागद स्वतःच्या खर्चाने पुण्याला घेऊन जायचे आणि ओळखीने कुठेतरी कार्डं टोचून चालवून आणायचे. माझा पहिला प्रोग्रॅम वर्गसमीकरणाचा होता. छापील कागद हातात दिला तेव्हा त्यावर दोन मुळं होती, दशांश चिन्हानंतर सहा आकडे.

त्या वर्गात एकदा सर म्हणाले होते, की कानपूरला मला ज्यांनी शिकवलं त्यांच्यात एनियाकवर काम केलेला माणूस होता. तेव्हा मला एनियाक म्हणजे काय हेही ठाऊक नव्हतं. नाव वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवलं, स्पेलिंग चुकवून.

हस्की २०१७ मध्ये वारले, १०१ वर्षांचे होऊन. ती बातमी वाचली त्या दिवशी मी माळ्यावरून वही काढली.

मुक्ता_वहीतली

काका, त्या वहीची पानं इथे टाकाल का? रकान्यांची आणि सरांनी समासात लिहिलेल्या किमतींचीही.

ओमचा_नियम

टाकतो, ताई. कागद फार पातळ झालाय, घडीवर तुटतोय. मुलगी रविवारी येतेय, तिच्याकडून सपाट ठेवून नीट फोटो काढून घेतो. सरांची लाल शाई अजून वाचता येते.